गिफ्ट : लंडनला भेट, बर्लिनला विष, स्टॉकहोमला लग्न

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जर्मन शिकण्याची चर्चा पुण्या-मुंबईच्या बाहेरही सुरू झाली. नर्सिंग केलेल्या मुली, आयटीआयमधून निघालेले इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मंडळी या भाषेकडे वळू लागली. इंग्रजीची तोंडओळख असली की जर्मनमधले काही शब्द फुकटात मिळतात. ‘हाउस’ म्हणजे घर, ‘फिश’ म्हणजे मासा. त्याच ओघात ‘गिफ्ट’ समोर आला की भेटवस्तू असाच अर्थ कुणीही लावील. पण जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. घातक रसायनाच्या डब्यावर ‘गिफ्टिग’ असं छापलेलं दिसलं तर तो डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

तिथून उत्तरेला स्वीडनमध्ये गेलं की तोच शब्द तिसराच अर्थ घेऊन भेटतो. ‘एर दू यिफ्ट?’ असं कुणी विचारलं तर ती ना भेटीची चौकशी असते ना विषाची. लग्न झालंय का, एवढंच त्याला विचारायचं असतं. उच्चार ‘यिफ्ट’, पण लिहितात रोमन लिपीत अगदी इंग्रजी ‘गिफ्ट’सारखंच. आणि स्वीडिशमध्ये विषालाही हाच शब्द आहे.

हे तीन अर्थ एकाखाली एक लिहून समाजमाध्यमांवर फिरवले जातात. खाली लग्न आणि विष यांवरचे विनोद येतात आणि विषय तिथेच संपतो. मला वाटतं खरा विषय तिथे सुरू होतो. कारण हे कोडं सोडवायला लागणारं बहुतेक सामान मराठीत, आपल्या रोजच्या बोलण्यात पडलेलं आहे.

सगळ्याच्या मुळाशी ‘देणं’

मराठी, गुजराती, बंगाली या जशा एका घरातल्या, तशा इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक याही एका घरातल्या. या घराण्याला ‘जर्मॅनिक’ म्हणतात. साधारण दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपात या सगळ्यांची आई बोलली जात होती. तिची पुस्तकं नाहीत. भाषाशास्त्रज्ञ लेकींचे चेहरे शेजारी ठेवून आईचा चेहरा ठरवतात.

त्या आईभाषेत ‘देणे’ या अर्थाचं एक क्रियापद होतं. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबन’ त्याचेच वंशज. त्याला एक प्रत्यय लागून नाम तयार झालं : देण्याची क्रिया, किंवा दिलेली वस्तू. तेच ‘गिफ्ट’.

आता आपलं ‘देणं’ पाहा. गाता गळा हे देवाचं देणं. आणि सावकाराचं थकलं तेही देणंच. एक मिळाल्याचा आनंद, दुसरं फेडायची चिंता, तरी शब्द एकच, आणि त्यात आपल्याला काही विचित्र वाटत नाही. कुणी, कुणाला, काय दिलं हे प्रसंगावरून कळतं. ‘गिफ्ट’च्या बाबतीत प्रत्येक भाषेने देण्याचा एक-एक प्रसंग उचलला आणि त्यालाच घट्ट धरून ठेवलं.

‘मुलगी कुठे दिली?’

स्वीडिश ‘यिफ्ट’ इंग्रज माणसाला समजावून सांगायला वेळ लागतो. आपल्याला एक वाक्य पुरतं. ‘धाकटी कुठे दिली?’ या प्रश्नात लग्न हा शब्द कुठेही नाही. ‘नगरला दिली’ या उत्तरातही नाही. दोघांनाही कळतं की लग्नाबद्दल बोलणं चाललंय. कन्यादान, ‘दिल्या घरी सुखी राहा’ हा आशीर्वाद, सगळीकडे ‘देणे’ हेच क्रियापद.

स्वीडिशचा ‘यिफ्ट’ म्हणजे शब्दशः ‘दिलेली’. बापाने किंवा पालकाने मुलगी दुसऱ्या घरी दिली, ती ‘दिलेली’ झाली, म्हणजे लग्न झालेली झाली. हा अर्थ फार जुना आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचा गॉथिक भाषेत अनुवाद केला. ही भाषा आता मेलेली आहे, पण जर्मॅनिक घराण्यातलं एवढं जुनं आणि एवढं मोठं लिखाण दुसरं नाही. त्यात येशूची आई मरियम हिची योसेफशी सोयरीक ठरल्याचा उल्लेख येतो, तिथे ‘गिफ्ट’चंच भावंड असलेला शब्द वापरला आहे. जुन्या इंग्रजीतही ‘गिफ्ट’चा अर्थ वधूसाठी द्यायचं मूल्य असा होता आणि त्याच्या अनेकवचनाचा अर्थ विवाह. म्हणजे आज वाढदिवसाला चकचकीत कागदात गुंडाळला जाणारा हा इंग्रजी शब्द मुळात लग्नाच्या बोलणीत वावरत होता.

स्वीडनमध्ये हे देणं नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, कायद्यात होतं. १७३४ च्या स्वीडिश कायद्यात लग्नासाठी स्वतंत्र भाग होता आणि त्या भागाच्या नावातच हा शब्द होता. मुलीला ‘देण्याचा’ अधिकार असलेल्या पुरुषाला ‘यिफ्टोमान’ म्हणत. आधी बाप, तो नसला तर जवळचा दुसरा पुरुष. त्याच्या संमतीशिवाय लग्न लावता येत नसे. सज्ञान स्त्रीला स्वतःच्या मर्जीने लग्न करण्याचा हक्क तिथे १८७२ मध्ये मिळाला. आज स्वीडिश नवराही ‘यिफ्ट’ आणि बायकोही ‘यिफ्ट’. देणारा कुणी उरलेला नाही, तरी ‘दिलेला’ आणि ‘दिलेली’ भाषेत राहिले आहेत.

हे वाचताना मला आपली ‘दिली’ सारखी आठवते. स्वतः जोडीदार निवडून, रजिस्टर पद्धतीने लग्न केलेल्या मुलीबद्दलही गावाकडची आत्या ‘तिला पुण्यात दिली’ असंच म्हणते. बोलणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. पण त्या क्रियापदात मुलीच्या जागी ‘कुणाला’ नाही, ‘काय’ आहे, हे एकदा लक्षात आलं की ते पुन्हा विसरता येत नाही.

डोस, मात्रा आणि उंदराचं औषध

जर्मन विषाकडे येण्यासाठी आधी ग्रीसला जावं लागतं. ग्रीकमध्ये ‘देतो’ला ‘दिदोमि’ म्हणत. संस्कृतातलं ‘ददामि’ शेजारी ठेवा. दोन्ही एकाच प्राचीन धातूतून आले आहेत. त्या ‘दिदोमि’वरून ‘दोसिस’, म्हणजे देणं. ग्रीक वैद्य हा शब्द रोग्याला एका वेळी द्यायच्या औषधाच्या मापाला वापरू लागले. तो लॅटिनमध्ये गेला, तिथून फ्रेंचमध्ये, इंग्रजीत, आणि आता अंगणवाडीत पोलिओचा ‘डोस’ म्हणून आपल्या तोंडात आहे. आपलं ‘दान’ आणि दवाखान्यातला ‘डोस’ हे अशा रीतीने चुलत भाऊ आहेत. (इंग्रजी ‘गिव्ह’ मात्र या नात्यात येत नाही. त्याचं मूळ निराळं.)

जर्मन बोलणाऱ्या जुन्या पंडितांनी लॅटिनमधला हा ‘दोसिस’ आपल्या भाषेत आणताना त्याचा अर्थ पाहिला : देणं. आपल्याकडे ‘देणं’ला शब्द होताच, ‘गिफ्ट’. तोच त्यांनी बसवला. ‘टेलिव्हिजन’चे दोन तुकडे करून ‘दूर’ आणि ‘दर्शन’ असे आपण जोडले, त्यातलाच हा प्रकार. परका शब्द न घेता त्याचा अर्थ आपल्या मापात शिवून घ्यायचा. अशा रीतीने ‘गिफ्ट’ला एक नवा अर्थ चिकटला : रोग्याला दिलेली औषधाची मात्रा.

मात्रा! मराठीतला हा शब्दही याच वाटेने चालला आहे. संस्कृतात मात्रा म्हणजे माप, परिमाण. वैद्यकात तो मापून द्यायच्या औषधाला लागला, आणि मग ‘हेमगर्भाची मात्रा’ म्हणजे प्रत्यक्ष ते औषधच झालं, सहाणेवर उगाळून मधातून चाटवायचं. पुढे ‘त्याच्यापुढे माझी मात्रा चालली नाही’ इथपर्यंत तो पोहोचला.

आता औषधापासून विषापर्यंतचं शेवटचं पाऊल. किराणा दुकानात आपण काय मागतो? ‘उंदराचं औषध द्या.’ उंदराला बरं करायचं नसतं. ढेकणांचं औषध, मुंग्यांचं औषध, शेतात ‘औषध मारायला’ गेलेला माणूस, या सगळ्या ठिकाणी औषध म्हणजे विषच आहे. ते नाव घ्यायचं टाळतो म्हणून शब्द बदलतो. नावाला भिण्याची ही सवय मराठीत खोल आहे. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर किंवा लांबडं म्हणतात. रोगाने गावंच्या गावं ओस पाडली, त्याला ‘देवी’ म्हटलं. काकणं फुटत नाहीत, ‘वाढवतात’. दुकान बंद करत नाहीत, तेही ‘वाढवतात’. आणि ‘त्याला जेवणातून काहीतरी दिलं’ असं कुणी आवाज खाली करून सांगितलं, तर ते ‘काहीतरी’ काय हे विचारावं लागत नाही. विषाचं नाव कुठेच आलं नाही, फक्त ‘दिलं’ आलं.

जर्मनमध्ये नेमकं हेच झालं. ‘त्याला दिलं’ यातलं ‘दिलेलं’ म्हणजे ‘गिफ्ट’. सुरुवातीला झाकण म्हणून वापरलेला शब्द इतका रुळला की झाकणच भांडं झालं. विष हा अर्थ एकदा पक्का बसल्यावर भेटवस्तूला तो शब्द वापरायची सोय राहिली नाही, आणि तो अर्थ हळूहळू गळून पडला.

या प्रवासातला मला सर्वांत आवडणारा थांबा १५३८ सालचा आहे. पॅरासेल्सस या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या वैद्याने त्या वर्षी आपल्या उपचारपद्धतीचा बचाव करताना एक विचार मांडला. विषशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला तो आजही सांगितला जातो : प्रत्येक वस्तू विष आहे, केवळ मात्रा तिला विष होऊ देत नाही. तो जर्मनमध्ये लिहीत होता, त्यामुळे त्याच्या वाक्यात विषासाठी ‘गिफ्ट’ आहे आणि मात्रेसाठी ‘दोसिस’. एक शब्द मुळात दुसऱ्याचाच अनुवाद. दोघांचाही अर्थ कधीकाळी ‘देणं’. आणि आता ते एकाच वाक्यात समोरासमोर उभे.

भेटीचा जुना अर्थ जर्मनमध्ये एका कोपऱ्यात मात्र टिकला. ‘मिटगिफ्ट’ म्हणजे मुलीसोबत दिलेलं, हुंडा. इथे भाषेने लिंगभेदाचा आधार घेतला. हुंड्यातला ‘गिफ्ट’ स्त्रीलिंगी राहिला, विषातला नपुंसकलिंगी झाला. आपण ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ वेगळे ठेवतो ना? ‘वेळ गेला’ म्हणजे तास-दोन तास वाया गेले, ‘वेळ आली’ म्हणजे घटका भरली. तसंच. डच लोकांनी आणखी सोपं केलं. शेवटचा ‘ट’ काढून विषाला ‘गिफ’ केलं आणि देणगीसाठी ‘गिफ्ट’ ठेवला.

मग स्वीडिशमध्ये विषही तोच शब्द कसा?

कारण त्यातला एक घरचा आहे, दुसरा पाहुणा. लग्नाचा अर्थ स्वीडिशला आईकडून मिळाला. विषाचा अर्थ जर्मन व्यापाऱ्यांकडून आला. मध्ययुगात बाल्टिक समुद्राच्या काठाने हान्सा या जर्मन व्यापारी संघाचा दबदबा होता. स्टॉकहोममध्येही जर्मन व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती आणि त्यांच्या भाषेतले शब्द ढिगाने स्वीडिशमध्ये उतरले. त्यांतच हा ‘गिफ्ट’ आला. विषाला उत्तरेकडचा अस्सल शब्द दुसराच होता. व्यापाऱ्यांची ये-जा कमी असलेल्या आइसलँडमध्ये तो अजून आहे. तिथे विषाला ‘एइतुर’ म्हणतात, ‘गिफ्ट’ म्हणत नाहीत.

इंग्रजीतला ‘ग’ कुठून आला?

इंग्रजीने भेटीचा साधा अर्थ जपला, पण आज जो शब्द इंग्रजीत आहे तो बहुधा तिचा स्वतःचा नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दातल्या ‘ग’चा उच्चार ‘य’ व्हायचा. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीतही ‘यिफ्ट’, ‘यिव्ह’ अशी रूपं दिसतात. आठव्या शतकाच्या अखेरीपासून व्हायकिंग, म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडचे दर्यावर्दी, इंग्लंडवर चालून येऊ लागले. आधी लुटायला आले, मग शेती करून तिथेच राहिले. त्यांच्या बोलीत ‘ग’ खणखणीत होता. शेजारधर्माने त्यांचे कितीतरी शब्द इंग्रजांनी घेतले. आकाशासाठीचा ‘स्काय’, खिडकीसाठीचा ‘विंडो’, अंड्यासाठीचा ‘एग’ हे त्यांचेच. ‘गिफ्ट’ आणि ‘गिव्ह’मधला ‘ग’ही त्यांच्याकडूनच आला.

पुढे स्वीडन आणि नॉर्वेतच या ठिकाणचा ‘ग’ मऊ होऊन ‘य’ झाला. ज्यांच्याकडून इंग्रजांनी ‘ग’ घेतला त्यांच्याच पोरांच्या तोंडी आता ‘यिफ्ट’ आहे.

हे दोन-तीन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले नसतील कशावरून?

शंका रास्त आहे. असं होतंही. मराठीत ‘वर’ पाहा. देवाने दिलेला वर आणि लग्नातला वर हे दोन्ही ‘वृ’, म्हणजे निवडणे, या एकाच धातूतले. पण ‘टेबलावर’मधला ‘वर’ आला आहे ‘उपरि’वरून. त्याचं त्या दोघांशी काही नातं नाही, तो झिजून झिजून सारखा दिसू लागला. नुसत्या दिसण्यावरून नातं ठरत नाही.

‘गिफ्ट’चं नातं दिसण्यावरून ठरवलेलं नाही. जुन्या जर्मन लिखाणात हा शब्द आधी देणं या अर्थाने भेटतो, मग औषधाची मात्रा, मग विष. मधल्या काळात देणं आणि विष हे दोन्ही अर्थ एकाच वेळी वापरात असलेले दिसतात. पायऱ्या एकामागून एक मोजता येतात.

शत्रूला भेट म्हणून विष देत, म्हणून ‘गिफ्ट’ म्हणजे विष झालं, असं ऐकलंय

ऐकायला छान, पण ही नंतर रचलेली गोष्ट आहे. आणि तिची गरजही नाही, कारण युरोपातल्या इतर भाषाही औषध किंवा पेय यांवरूनच विषापर्यंत गेल्या, शत्रूच्या भेटीशिवाय. इंग्रजी आणि फ्रेंचमधला विषासाठीचा शब्द लॅटिन ‘पोतिओ’वरून आला. पोतिओ म्हणजे पेय, आपल्या ‘पिणे’च्या नात्यातला. लॅटिनमध्ये विषाला ‘वेनेनुम’ म्हणत. तो शब्द प्रेमाची देवता व्हीनस हिच्या नावाच्या कुळातला, आणि मुळात बहुधा वशीकरणाच्या काढ्यासाठी होता. दुसऱ्या शतकातल्या गायस या रोमन कायदेपंडिताला तर बजावून सांगावं लागलं, की ‘वेनेनुम’ म्हणणाऱ्याने ते चांगलं की वाईट हेही सांगितलं पाहिजे, कारण औषधंही वेनेनुमच असतात. ग्रीक ‘फार्माकोन’ हा औषधही होता आणि विषही. त्याच्याच कुळातून औषधांच्या दुकानाचा ‘फार्मसी’ आला.

सरळ ‘विष’ म्हणणारा शब्दही त्या घरात होता, आणि तो आपल्याच ‘विष’चा सख्खा : लॅटिन ‘विरुस’. करोनाच्या काळात आपण दिवसरात्र ‘व्हायरस’ म्हणत होतो तो हाच.

मग खरा अर्थ कोणता?

सगळेच. शब्दाचा सर्वांत जुना अर्थ तोच अस्सल आणि बाकीचे बिघडलेले, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ आहे. मला ती चुकीची वाटते. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण आहे, मराठीत दंड आहे. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. मूळ संस्कृत एकच. म्हणून मराठी शाळेत ‘मुलाला शिक्षा दिली’ याचा अर्थ त्याला शिकवलं असा कुणी काढला, तर तो संस्कृत जाणतो असं म्हणता येईल, मराठी जाणतो असं नाही. आज, इथे, बोलणारे जो अर्थ घेतात तो खरा.

आणि रोजच्या व्यवहारात गोंधळ होत नाही?

स्वीडिश माणसाचा होत नाही. लग्नाचा ‘यिफ्ट’ विशेषण आहे, विषाचा नाम आहे, त्यामुळे वाक्यातली जागाच सांगते. ‘वर वर चढला’ हे मांडवात ऐकल्यावर आपलाही होत नाही. गोंधळ होतो तो बाहेरून येणाऱ्याचा, आणि म्हणून जर्मनीला निघालेल्यांनी एवढं पक्कं करून जावं : विषारी पदार्थावर ‘गिफ्टिग’ लिहितात, उताऱ्याला ‘गेगनगिफ्ट’ म्हणतात, म्हणजे विषाविरुद्धचं विष.

भेटवस्तूला ‘गेशेंक’ म्हणायचं. हा शब्द ‘शेंकन’वरून आला आणि ‘शेंकन’चा जुना अर्थ पेल्यात पेय ओतणं. पाहुण्याला पेला भरून देणं, मग नुसतं काहीही देणं, असा त्याचा अर्थ पसरत गेला. ओतण्याचा अर्थ ‘आइनशेंकन’मध्ये आजही चालू आहे. श्टुटगार्टच्या दुकानात घेतलेली वस्तू भेट द्यायची असेल तर काउंटरवर ‘आल्स गेशेंक’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ती नीट कागदात गुंडाळून मिळते.